डोक्यामागचं तोंड

खोटा फोटो मी वासावरून ओळखते. फुशारकी समजायची असेल तर समजा. मूल या आमच्या तालुक्याच्या गावात, बाजाररस्त्यावर, बावीस वर्षांपासून माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे अल्बम, सगळं एका छोट्याशा गाळ्यात. कुणाचं टक्कल झाकलंय, कुणाच्या अंगावर उसना कोट चढवलाय, कोणत्या भावी नगरसेवकाच्या मागे लोटलेली गर्दी दुसऱ्याच कुणाच्या सभेतली आहे, हे मला लांबून कळतं. कळणारच. त्यातलं निम्मं मीच केलेलं असतं.

म्हणून यंदा मार्चमध्ये आमच्या ग्रुपवर मूलच्या बसस्टँडवर वाघ फिरत असल्याचा व्हिडिओ आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. ग्रुपचं नाव 'तीन तिगाडा'. तिघीच आहोत त्यात, शाळेत एका बाकावर बसणाऱ्या. एक मी. दुसरी एसटीत कंडक्टर, चामोर्शीच्या गाडीवर. तिचा आवाज असा की शेवटच्या सीटवर घोरणारा माणूससुद्धा खिशात हात घालतो. तिसरी जंगलाला लागून असलेल्या एका गावात दिलेली. पावसाळ्यात धान करते, उन्हाळ्यात मोहफुलं वेचते, आणि तिकडच्या बायांसारखी 'मी गेलो, मी आलो' असं बोलते. नावं कुणाचीच सांगणार नाही, नाहीतर दोघी मिळून मला झोडपतील.

व्हिडिओ कंडक्टरणीनं टाकला होता. खाली लिहिलं होतं, "शटर पाड, तुह्या दुकानाकडंच येऊन राह्यला."

मी पाहिला. वाघ ऐटीत चालत होता, पण चालता चालता पोटाखालून एक पाचवा पाय उगवायचा आणि परत विरून जायचा. सावली एकीकडे, ऊन तिसरीकडेच. मी लगेच आवाजातला मेसेज पाठवला, "अवो भैताड, हे कॉम्प्युटरनं बनवलं हाय. पाय मोज त्याचे!"

तिचं उत्तर आलं, "समोर वाघ असल्यावर पाय मोजाले कोन थांबते वो?"

मी एकटीच दुकानात खो खो हसले. गिऱ्हाईक बघायला लागलं. तेवढ्यात तिसरीचा मेसेज आला. ती फार कमी लिहायची. "खऱ्याचे चारच असते. मी पाह्यले."

त्या दिवशी ग्रुपवर नंतर काहीच आलं नाही.

तिचा नवरा मागच्या वर्षी वाघानं नेला. मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं पिवळं फूल राखेवर उठून दिसतं. तेवढं काम करायला तो एकटा गेला होता. लोकांना आधी त्याची काडीपेटी सापडली. पुढचं मी सांगत नाही. तिनंही कधी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायची छाती झाली नाही.

एरवी आमच्या ग्रुपवर काय असतं म्हणाल तर काहीच्या काही. मालिकेतल्या सासूनं कोणत्या सुनेच्या खिरीत काय कालवलं. घरात कोंडून घेऊन भांडणाऱ्या लोकांच्या कार्यक्रमातून या आठवड्यात कोण बाहेर जाणार. क्रिकेटवाल्याची दाढी बरी की बिनदाढीचा बरा. हिरॉइनचा लग्नातला घागरा किती किलोचा. यावर आम्ही अशा भांडतो की जशी काही आमच्याच घरची वरात निघाली आहे. ते बरं असतं. तेवढा वेळ कुणालाच जंगल आठवत नाही.

पण यंदा ते आठवल्याशिवाय सुटका नव्हती. त्या गावाच्या शिवारात एक वाघ परत दिसायला लागला होता. तोच की दुसरा, कोण सांगणार? गावात वनखात्याकडून मुखवटे आले. डोक्याच्या मागे बांधायचे. वाघ पाठीवरून येतो, माणसाच्या तोंडासमोर यायला कचरतो, म्हणून मागेही एक तोंड पाहिजे, असा हिशेब. आमच्याकडे आता कुणाला याचं नवल वाटत नाही. कोरोनात पुढून मास्क लावला, आता मागून लावायचा.

मुखवटे सगळे एकाच साच्यातले होते. गोरापान माणूस, काळी मिशी, लालचुटुक ओठ. कंडक्टरणीनं आम्हाला सांगितलं, "सकाळी आमची गाडी त्या रोडनं चालली होती. कडेकडेनं पंधरा-वीस बाया जंगलाकडं जाऊन राह्यल्या. पाठमोऱ्या. अन् सगळ्या गाडीकडं पाहून राह्यल्या! एकच माणूस वीस वेळा पाहून राह्यला वो. डायव्हरनं ब्रेकच दाबला." सांगताना ती हसत होती, पण हात चोळत होती.

बायांनाही तो गोरा माणूस आवडला नाही. "कोनाचा कोन, अन् दिवसभर मानगुटीवर," असं म्हणत चौघी-पाचजणी माझ्या मैत्रिणीला घेऊन थेट दुकानात आल्या. आम्हाला आमच्या पसंतीची तोंडं छापून दे.

असं काम मी जन्मात केलं नव्हतं, पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. फोटोपेपरवर छापायचं, लॅमिनेशन करायचं, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचं, दोन भोकं, इलॅस्टिक. मी म्हटलं, सांगा कोण पाहिजे.

मग काय विचारता! एकीला सिनेमातला हिरो पाहिजे होता, तोही चष्मा काढलेला. दुसरीला क्रिकेटवाला. तिसरी म्हणाली, आमच्या भागातल्या निवडून आलेल्या भाऊचं तोंड छापा. मी विचारलं, काऊन वो? तर म्हणते, "पाच वर्सं पाठच दाखवली त्यानं. आता थोडं तोंड दाखवू दे." त्यांच्यात एक डोकरी होती, सत्तरीची, पण काठीसारखी ताठ. तिनं मालिकेतली खीर कालवणारी सासू मागितली. "तिच्याकडं पाहून माह्या सुनेले ताप येते. वाघ काय चीज हाय!"

दुकान दणाणून गेलं हसण्यानं. मैत्रीणही हसली. पण तिनं काही मागितलं नाही. बाकीच्या चहाला गेल्या तेव्हा ती काउंटरपाशी थांबली आणि म्हणाली, "मले त्यांचंच छापून दे."

"कोणाचं?"

"तुह्याकडं हाय ना तो फोटो. हार घालाचा बनवला होता तो."

तो फोटो मला परत उघडायचा नव्हता. आता ते का, हे सांगायलाच पाहिजे.

तिच्या नवऱ्याचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. हसण्यासारखी गोष्ट होती ती. फ्लॅश पडला की पापणी पडलीच. लग्नाचा अल्बम मीच केला होता, त्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत नवरदेवाचे डोळे मिटलेले. ती सगळ्यांना सांगायची, "माहं लगन डोळे मिटून झालं, माहे नाई, त्यायचे." आधार कार्डावरही अर्धेच उघडे. तो गेल्यावर तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. गेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले कसे ठेवायचे? कुणी ठेवत नाही. आमच्या धंद्यात अशा वेळी दुसऱ्याचे डोळे बसवतात. मी कॉम्प्युटरमधली पासपोर्ट फोटोंची फाइल उघडली आणि एकेकाचे डोळे त्याला लावून पाहिले. तलाठ्याचे लावले तर तो रागीट दिसला. एका मास्तरचे लावले तर लबाड. हिरोचेही लावून पाहिले, ते तर वंगाळच दिसलं. सकाळी माणसं फोटो न्यायला येणार होती. शेवटी मी माझे लावले.

माझाच पासपोर्ट फोटो होता, त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात काढलेला. काजळ पुसलं, भुवया त्याच्याच ठेवल्या. असे बसले की मीच खुर्ची मागे सरकवली. लोक म्हणाले, अगदी जिवंत वाटते. तीही खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हाव, चांगला हाय." वर्षभर त्या भिंतीवरून मी तिच्या घरात बघत होते, आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं.

आता तेच तोंड ती वाघाला दाखवणार होती. मी टाळायला बघितलं. म्हटलं, "तू यंदा जाऊच नको ना जंगलात. काऊन जीव धोक्यात घालतं?"

ती म्हणाली, "तीन झाडं हायेत आमची. मागच्या वर्सी सुतकातच होतो आम्ही, मी गेलो नाई. दिरानं वेचलं. यंदाही त्यानंच वेचलं तर झाडं त्याचीच म्हनतीन लोकं. तुले माहीत नाई का?"

माहीत होतं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद नाही, सही नाही. ज्यानं झाडाखाली साफ केलं, ज्यानं वेचलं, त्याचं झाड. एखादं वर्ष लोक सांभाळून घेतात, दुसऱ्या वर्षी नाही. दीर वाईट नव्हता, तोही हेच म्हणायचा की वहिनी, बाईमाणसानं एकटीनं कशाला जायचं, मी पाहून घेतो. असं पाहून घेता घेताच झाडं गेली असती. तिची मुलगी गडचिरोलीला नर्सिंग शिकते. तिच्यासाठी बापाचं म्हणून उरलेलं ते तेवढंच होतं.

मी तोंड छापलं. दुसरं काय करणार होते?

मशिनमधून कागद बाहेर आला तेव्हा आधी कपाळ आलं, मग भुवया, मग माझे डोळे. ते माझ्याकडेच बघत होते. मी कात्री घेतली आणि कधी नव्हे ती वाकडी कापली. परत छापावं लागलं. आधीचा कागद फाडायला माझा हात होईना, अजून ड्रॉवरमध्ये पालथा ठेवलेला आहे.

चार दिवसांनी तिचा फोन आला. गावात कुजबुज सुरू झाली होती. डोकरी म्हणाली होती, "खाल्लेल्याचं तोंड त्याले परत दाखवू नका. तो ओळखते." वाघाचं नाव तिकडे जंगलाच्या गोष्टीत घेत नाहीत, 'तो' म्हणतात. आणि बाकीच्या बाया तिच्या मागून चालायला घाबरत होत्या. म्हणत होत्या, हा माणूस पाहून राह्यला. तोंड त्याचं हाय, पन पाहते कोनी दुसरंच.

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हनू? मले काय दिसते? तो तर माह्या मागं असते," ती म्हणाली आणि हसली.

त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही. एप्रिलच्या दुपारी बाजारात चिटपाखरू नसतं, त्यात लाइट गेली की दुकानात काचेवर सगळ्यांचे फोटो तेवढे चमकतात. मी खुर्चीवर बसलेली असायचे आणि वाटायचं की मी इथे नाहीच. कुठेतरी झाडांमधून मागे मागे जात असल्यासारखं वाटायचं, म्हणजे रस्ता पुढे येण्याऐवजी लांब लांब पळतोय, आणि कडेला एक वाकडा पळस. असं एकदा नाही, चारदा झालं. डोळे चुरचुरायचे, पाणी यायचं. मेडिकलवाल्यानं थेंब दिले आणि म्हणाला, मोबाइल कमी पाहत जा बाई. कंडक्टरणीला सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "त्याले ओळख पटन तर कोनाची पटन वो? त्याची का तुही?"

"गप बस," मी म्हटलं.

"तिले सांगून टाक. डोकरीचं म्हननं खरं असो का खोटं, तिले माहीत पायजे ती काय बांधून जाते ते. उद्या काई झालं तर तू जगशील का?"

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. शनिवारी दुकान बंद केलं आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं मैत्रिणीच्या गावी गेले. सांगायचंच, असं ठरवून. तिच्या घरात भिंतीवर फोटोला हार होता. त्याच्याकडे पाठ करून जेवले. सांगायला तोंड उघडलं की घास जायचा. ती मात्र मालिकेतल्या सासूला शेवटी अटक झाली म्हणून खुशीत होती.

पहाटे उजाडता उजाडता निघालो. सहाजणी आणि मी. सगळ्यांनी टोपल्या घेतल्या, मागे तोंडं बांधली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या गावाला तोंडं छापून देणारी मी, माझ्यासाठी काहीच आणलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डोकरी म्हणाली, तू मधात चाल. मधे म्हणजे नेमकी मैत्रिणीच्या मागे.

मी आजवर पुष्कळ तोंडं पाहिली, पण अशी वाट कधी चालले नाही. पुढे ती चालत होती आणि तिचा नवरा माझ्याकडे तोंड करून मागे मागे चालत होता. हेलकावत, मान जराशी डोलवत, माझ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत. दुपारी दुकानात मला जशी लांब पळणारी वाट दिसायची, ती हीच होती. ओळखीचा तो वाकडा पळससुद्धा तिथेच होता. मी मनाला म्हटलं, बाई, तुला ऊन लागलंय. पण ऊन अजून उगवायचं होतं.

मोहाच्या झाडांपाशी सगळ्या पांगल्या, आपापल्या झाडाखाली. आधी प्रत्येकीनं चार फुलं झाडाच्या बुडाशी ठेवून हात जोडले. मग वेचणं सुरू झालं आणि बोलणं बंद झालं. कान देऊन ऐकत वेचायचं असतं. फुलं टप टप पडत होती, आणि तो दारूसारखा गोड वास. बाया उकिडव्या बसून पुढे पुढे सरकत होत्या आणि माना खाली गेल्या की मागची तोंडं वर यायची. हिरो, क्रिकेटवाला, निवडून आलेले भाऊ, सासू. सगळे झाडांच्या खोडांमधून मागे टक लावून बघत होते आणि कुणाचीही पापणी लवत नव्हती. दुकानात ज्यांच्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो, तीच ही तोंडं. मला हसू आलं नाही. पळावंसं वाटलं.

मैत्रीण माझ्याकडे पाठ करून वेचत होती. मी तिच्या मागे, दहा-बारा हातांवर, राखेत बसले होते. वरून एक फूल सुटलं आणि बरोबर मुखवट्याच्या डाव्या डोळ्यावर टपकन आदळलं. माझा डावा डोळा मिटला. आपोआप. चुरचुरला आणि पाणी आलं. तुम्ही म्हणाल, पाहून मिटला असेल. मीही तेच म्हणते.

भीती घालवायला मी मोबाइल काढला. म्हटलं, ग्रुपसाठी व्हिडिओ घ्यावा, कंडक्टरणीला दाखवू. मुखवटा चौकटीत घेतला. पडद्यावर तो नीट दिसत होता, आणि तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. वाटेनं येताना माझ्यावर रोखलेले ते डोळे आता माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी मान जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे. नाही. मागेच. तिची मान थोडी कलली असेल, दुसरं काय असणार? पण मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. मी व्हिडिओ घेत राहिले. किती वेळ, कोण जाणे. जंगलात त्या वेळी एक पाखरू बोलत नव्हतं.

मग वरून वानर खाकरलं, 'तो' दिसला की खाकरतं तसं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. डोकरी ताडकन उठली, टाळ्या वाजवत ओरडली, "हाट! हाट! जाय आपल्या घरी, बापा!" सगळ्या उठल्या, टोपल्या बडवत एका जागी आल्या. मी मोबाइल धरून तशीच बसलेली. मैत्रिणीनं दंडाला धरून मला उभं केलं. झुडपं हलली नाहीत, काही दिसलं नाही. वानर गप्प झालं. थोड्या वेळानं पाखरं बोलायला लागली.

डोकरी माझ्या मागच्या राखेवर वाकून बघत होती. "इकडं या," ती म्हणाली.

राखेत माझ्या चपलेचे ठसे होते, सकाळी मी आले तेव्हाचे. त्या ठशांवर पंजे उमटले होते. वरून. म्हणजे माझ्यानंतर कोणी आलं होतं, मी तिथे बसलेली असताना. पंजे माझ्या पाठीमागून सरळ येत होते. मी बसले होते तिथून आठ हातांवर येऊन थांबले होते. चारही पाय एका जागी, नीट, खोल. तिथून वळून परत गेले होते.

मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. "मोज," ती हळूच म्हणाली.

मी मोजले. चार.

मी तिथेच रडायला लागले. माझ्या पाठीला तोंड नव्हतं. माझी पाठ राखली ती तिच्या डोक्यामागच्या त्या तोंडानं, आणि त्या तोंडातून बघत होते ते माझेच डोळे. मी सगळं ओकून टाकलं. "ते डोळे त्याचे नाहीत गं. माझे आहेत. मी लावले. फोटो बंद डोळ्यांचा होता म्हणून. मी तुला फसवलं."

ती फूल झटकल्यासारखी माझ्या खांद्यावरची राख झटकत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"तेरवीपासून. त्यायचे डोळे मी कुठी नीट पाह्यले वो? वीस वर्सं त्यायच्या मागं चाललो. शेतात, बाजारात, जंगलात, ते पुढं अन् मी मागं. एक डाव मागं वळून पाह्यलं नाई त्या मानसानं. पाठ सांगशील तर अंधारात ओळखीन. पन तुहे डोळे शाळेपासून पाहून राह्यलो मी. गनिताच्या पेपराले चोरून पाहत होती तू माह्याकडं, ते नाई का ओळखनार?"

"मग सांगितलं का नाही? भिंतीवर कशाला ठेवला?"

"घरात मी कुठीही गेलो तरी तो पाहते," ती म्हणाली. "बरं वाटते."

ती परत झाडाखाली गेली आणि टोपली भरेपर्यंत वेचत राहिली. तिच्याबरोबर बाकीच्याही थांबल्या, एकमेकींना चिकटून. मीही वेचलं. तिन्ही झाडांखालचं एक फूल आम्ही मागे ठेवलं नाही.

परत निघताना तिनं मुखवटा सोडला आणि माझ्या डोक्यामागे बांधला. मी म्हटलं, अगं तुला? ती म्हणाली, "तू पुढं हो. मी तुह्या मागं. माह्या मागं आपली सासूबाई हाये ना." डोकरीनं मान ताठ करून मालिकेतल्या सासूचं तोंड रानाकडे वळवलं आणि सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली.

आम्ही चालायला लागलो. थोडं अंतर गेलं आणि मागून मैत्रिणीचा आवाज आला. मला वाटलं माझ्याशी बोलते आहे. मी 'काय गं?' म्हणणार होते, तेवढ्यात कळलं, माझ्याशी नाही.

"पोरीचा पयल्या वर्साचा पेपर झाला," ती सांगत होती. "चांगला गेला म्हनते. तुमच्या भावाले सांगतलं मी, झाडं पोरीची हायेत. काई बोलला नाई तो. विहिरीची मोटर सुधरवली. तुमचा निळा सदरा कोनाले देल्ला नाई अजून. काडीपेटी पन हाय."

सगळ्या वाटेनं ती बोलत होती. कधी हसत होती, कधी रागावत होती. माझे पाय दगडांना ठेचाळत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, मान अवघडून गेली होती. तिच्याकडे एकदा बघावं, तिला जवळ घ्यावं, असं फार वाटत होतं. गाव येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. मी वळले असते तर त्यानं परत तिच्याकडे पाठ केली असती.